मच्छेच्या नव्या शेडसाठी घेतलेली क्रेन-भाडे सेवा: एक परीक्षण

मच्छे औद्योगिक वसाहतीत आमच्या मशीन-शॉपची नवी शेड उभी राहत असताना वजन उचलण्याची तीन वेगवेगळी कामे एकामागून एक निघाली: छताचे ट्रस (छत पेलणारे लोखंडी सांगाडे) चढवणे, उद्यमबागेतील जुन्या जागेतून सहा टनांचे व्हीएमसी (उभ्या स्पिंडलचे, संगणकावर चालणारे धातुकामाचे) मशीन आणून बसवणे आणि शेवटी शेडमध्येच कायमची ईओटी (छताखाली रुळांवर धावणारी विजेची) क्रेन उभारणे. पहिल्या दोन कामांच्या निमित्ताने बेळगावातील दोन क्रेन-भाडे सेवांशी व्यवहार झाला. त्यांची नावे येथे दिलेली नाहीत, कारण अनुभव एका कामाचा असतो आणि त्यावरून एखाद्याच्या संपूर्ण व्यवसायावर शिक्का मारणे योग्य नाही. मात्र क्रेन पाठवण्यापूर्वी भाडे देणारा आपल्याला कोणते प्रश्न विचारतो, यावरूनच त्याची पारख करावी, हे माझे मत या कामातून पक्के झाले.

पहिल्या सेवेकडे मशीन हलवण्यासाठी विचारणा केली असता फोनवर एवढेच विचारण्यात आले की वजन किती आहे. सहा टन सांगताच ‘चौदा टनांची हायड्रा पाठवतो, दुप्पट क्षमता आहे, काळजी नको’ असे उत्तर मिळाले. हायड्रा म्हणजे वजन लटकवून चाकांवर चालणारी क्रेन. हा हिशेब वरवर पटण्याजोगा वाटतो. परंतु बूमवर, म्हणजे क्रेनच्या लांब होणाऱ्या हातावर, रंगवलेले चौदा टन हे वजन क्रेनच्या अगदी जवळ आणि बूम आखूड असतानाचे असतात. बूम जसजशी लांब आणि आडवी होत जाते, तसतशी क्षमता झपाट्याने घटते, आणि पूर्ण लांबवलेल्या बूमवर हीच क्रेन जेमतेम दोन-तीन टनांची उरते. ही घट किती, हे क्रेनच्या लोड चार्टवर लिहिलेले असते. वजनाचे अंतर फिरत्या क्रेनमध्ये तिच्या फिरण्याच्या मध्यापासून मोजतात, तर हायड्रासारख्या क्रेनमध्ये ते कोठून मोजले आहे हे चार्ट पाहूनच ठरवावे लागते. मी चार्ट मागितला, तेव्हा ‘ऑपरेटरला सगळे पाठ आहे’ असे सांगण्यात आले आणि आमचा व्यवहार तेथेच थांबला.

दुसऱ्या सेवेच्या पर्यवेक्षकांनी फोनवर काहीच कबूल केले नाही. ते टेप घेऊन स्वतः जागेवर आले, ट्रेलर कोठे उभा राहणार हे पाहिले, शेडच्या दरवाज्याची उंची मोजली आणि मशीनच्या माहितीपत्रकातील उचलण्याच्या जागांचे चित्र मागून घेतले. दरवाजा चौदा फुटांचा होता. मशीनची उंची नऊ फूट, त्यावर मशीन हुकाला अडकवणाऱ्या पट्ट्यांसाठी चार फूट आणि त्याच्याही वर हूक व बूमचे टोक, असा हिशेब त्यांनी तेथेच भिंतीवर खडूने मांडून दाखवला. मशीन लटकवून हायड्रा त्या दरवाज्यातून आत जाऊच शकत नव्हती. पट्टे आखूड करावेत, असे आमच्या फोरमननी सुचवले. त्यावर त्यांनी दिलेले उत्तर प्रत्येक कारखानदाराने लक्षात ठेवावे असे आहे. पट्टे आखूड केले की ते अधिक आडवे होतात आणि ताण वाढतो. दोन पट्ट्यांवर सहा टन उचलताना पट्टे जमिनीशी ६० अंशांत असतील, तर प्रत्येकावर सुमारे साडेतीन टन ताण येतो. ४५ अंशांत तो सव्वाचार टनांच्या आसपास जातो आणि ३० अंशांत प्रत्येक पट्ट्यावर पूर्ण सहा टन येतात. पट्टे चार लावले तरी मशीनचा सांगाडा कडक असल्याने भार चारही पट्ट्यांवर सारखा वाटला जात नाही, म्हणून हिशेब दोनच पट्ट्यांचा धरावा, असेही त्यांनी बजावले.

शेवटी त्यांनी जो मार्ग सांगितला, त्यात त्यांचे स्वतःचे भाडे कमी होत होते: ट्रेलरवरून मशीन उतरवून दरवाज्यासमोरच्या काँक्रीटवर ठेवण्यापुरतीच क्रेन घ्यावी आणि आतील प्रवास जॅक व रोलरवर करावा. तसेच केले. उतरवण्यासाठी त्यांनी जुन्या पद्धतीची हायड्रा न पाठवता फराना म्हणून ओळखली जाणारी, पुढे केबिन असलेली क्रेन पाठवली. जुन्या हायड्रात ऑपरेटर मागे बसतो आणि समोरची बूम त्याची दृष्टी अडवते. पुढच्या चाकांजवळ उभा असलेला खलाशी (क्रेनचा मदतनीस) त्याला दिसतच नाही. अनेक मोठ्या प्रकल्पांच्या जागी जुन्या हायड्राला प्रवेश मिळत नाही, त्याचे हेच मुख्य कारण आहे. पुढच्या केबिनने हा दोष बराच दूर होतो; परंतु अशा क्रेनला आउटरिगर (क्रेन स्थिर ठेवण्यासाठी बाजूला काढायचे पाय) नसतात आणि ती मधल्या सांध्यात वळते, त्यामुळे वजन घेऊन वळताना तिचा तोल सरळ चालतानाइतका भक्कम राहत नाही, ही मर्यादा नव्या रूपातही कायम आहे. आमच्या कामात ऑपरेटरने मशीन जमिनीपासून वीतभरच उचलून ठेवले होते आणि दोन्ही बाजूंनी दोर धरून माणसे चालत होती. ऑपरेटर कन्नडभाषक, वजन बांधणारा रिगर हिंदीभाषक आणि आम्ही मराठी, अशी आपल्या भागातील नेहमीची सरमिसळ होती. पण इशारे एकाच माणसाने हातांनी दिले, आणि ‘थांबा’चा इशारा मात्र कोणीही द्यावा असे आधीच ठरवले होते. त्यामुळे आरडाओरड झाली नाही.

ट्रस चढवण्याचे काम मशीन येण्यापूर्वीच, याच सेवेच्या ट्रकवर बसवलेल्या २५ टनी टेलिस्कोपिक (एकात एक सरकणाऱ्या बूमच्या) क्रेनने झाले होते. या क्रेनचे वैशिष्ट्य तिचे चार आउटरिगर. ते पूर्ण बाहेर काढून चाके जमिनीवरून उचलली, तरच लोड चार्टवरील आकडे खरे मानायचे. आमच्या जागेत कॉलमच्या पायांसाठी खणलेले चर नुकतेच मुरूम टाकून भरले होते आणि वरून जमीन सपाट दिसत होती. ऑपरेटरने त्या भरावाच्या कडेला आउटरिगरचा जॅक टेकवण्यास स्पष्ट नकार दिला आणि चराची जेवढी खोली, निदान तेवढे अंतर सोडून क्रेन लावली. त्यामुळे क्रेनपासून ट्रसचे अंतर वाढले, क्षमता घटली आणि प्रत्येक ट्रस एका वेळी पूर्ण जोडून न चढवता अर्धा-अर्धा चढवून वर जोडावा लागला. काम लांबले, आमचा फॅब्रिकेटर वैतागला, तरीही मला तो नकार मान्य आहे. खानापूरच्या बाजूची तांबडी जमीन पावसाळ्यात दगा देते आणि अथणी-रायबागकडील काळी माती तर ओली झाली की जड वस्तूला धरतच नाही. तेथे जॅकखाली लाकडी स्लीपर आणि जाड लोखंडी प्लेट अंथरल्याशिवाय क्रेन उभी करू देऊ नये. शेडच्या मागून जाणाऱ्या अकरा हजार व्होल्टच्या तारेबाबत मात्र त्यांनी पुरेशी तत्परता दाखवली नाही. बूम त्या बाजूला वळवायची नाही, ही अट मलाच घालावी लागली.

टॉवर क्रेन आणि साखळी-चाकांवरची क्रॉलर क्रेन या सेवेकडे भाड्याला नाहीत. टॉवर क्रेन महिनोन्‌महिने चालणाऱ्या उंच इमारतीलाच परवडते आणि क्रॉलर तर सुटी करून ट्रेलरांवर आणावी लागते, त्यामुळे आमच्यासारख्यांना त्यांची गरज क्वचितच भासते. एक गोष्ट मात्र स्थानिकांनी ध्यानात ठेवावी: गाळप हंगाम संपला की चिकोडी-निपाणी-गोकाक भागातील साखर कारखान्यांची दुरुस्ती निघते, मिलचे जड रोलर बाहेर काढले जातात आणि त्या दिवसांत मोठी क्रेन वेळेवर मिळेल असे गृहीत धरता येत नाही.

कायमच्या क्रेनसाठी आम्ही पाच टनी सिंगल गर्डर ईओटी निवडली. त्यात होइस्ट (वजन उचलणारे यंत्र) गर्डरच्या, म्हणजे आडव्या तुळईच्या, खालून लटकतो, त्यामुळे हुकाची उंची काही प्रमाणात कमी होते. डबल गर्डरमध्ये क्रॅब (होइस्टची गाडी) वरून धावतो आणि ती उंची परत मिळते, पण क्रेन जड होऊन कॉलम व रुळांचा खर्च वाढतो. उद्यमबागेतील फाउंड्रीवाल्यांनी पाळीभर सतत चालणाऱ्या क्रेनसाठी केवळ टन न पाहता कामाचा वर्गही (क्रेन किती वेळा व किती भाराने चालणार याची श्रेणी) पाहावा. आमचे मशीन-शॉप दिवसातून मोजक्या वेळा उचलणारे असल्याने हलका वर्ग पुरला. चालू करण्यापूर्वी ६.२५ टनांची, म्हणजे क्षमतेच्या सव्वापट वजनाची चाचणी घेतली. ही चाचणी पाहण्यास मालकाने स्वतः उभे राहावे, कारण ब्रेक वजन धरतो की हळूहळू सोडतो, हे त्याच वेळी समजते.

आता भाडे-सेवेच्या उणिवा. बिलातील वेळ क्रेन यार्डातून निघाल्यापासून धरली होती. आम्ही काम सुरू झाल्यापासूनची समजत होतो. हा मुद्दा आधी लेखी ठरवून घ्यावा, आणि अर्ध्या पाळीचे किमान भाडे आहे का, डिझेल कोणाचे, थांबलेल्या वेळेचे पैसे लागतात का, हेही विचारावे. दुसरी उणीव कागदपत्रांची. उचलण्याची यंत्रे, साखळ्या आणि दोर यांची वर्षातून निदान एकदा सक्षम व्यक्तीकडून तपासणी व्हावी, ही १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या २९ व्या कलमापासून चालत आलेली अपेक्षा आहे. क्रेनचे प्रमाणपत्र त्यांनी लगेच दाखवले, पण पट्टे आणि शॅकल (पट्टे जोडणाऱ्या लोखंडी कड्या) यांचे कागद मागूनही काम संपल्यानंतरच आले. एका पट्ट्यावरील क्षमतेची पट्टी फाटलेली दिसली, तेव्हा तो बाजूला काढायला लावला. तो बदलून देताना त्यांनी कुरकुर केली नाही. पुढील महिन्यात जुन्या जागेतील दोन लेथ हलवायचे आहेत आणि त्यासाठी त्यांनाच सांगितले आहे, फक्त या वेळी पट्ट्यांचे कागद गाडी यार्डातून निघण्यापूर्वी पाठवण्याची अट लेखी घातली आहे.