झाड ओळखणारं अ‍ॅप: फूल दाखवलं तर हुशार, पान दाखवलं तर अंदाजपंचे

पाचपैकी तीन स्टार, आणि तेही फुलांपुरतेच, नुसत्या पानांवरून ओळखायचं असेल तर एकच देईन.

झालं असं की मैत्रिणीने कुंडीसकट एक झुडूप दिलं, नाव तिलाही आठवेना, म्हणाली रंग बदलतं गं, बघशीलच. फुलं तेव्हा नव्हती म्हणून मी हे फोटोवरून झाड ओळखणारं अ‍ॅप घेतलं. पहिल्या फोटोला उत्तर रातराणी, दुसऱ्या दिवशी त्याच झाडाला म्हणे अनंत! रातराणी एकवेळ समजू शकते, कारण नंतर कळलं की दोघी एकाच कुळातल्या, वांगी-टोमॅटोच्या. पण अनंत? अहो अनंताची पानं फांदीवर समोरासमोर येतात, कधी तीन-तीनही, आणि हिची एक इकडे तर पुढचं तिकडे, आळीपाळीने. डोळ्यांना दोन सेकंदात दिसतं हे. अ‍ॅप मात्र चकचकीत हिरवं पान बघून देतं ठोकून.

बरं नाव चुकलं की पुढचं सगळंच चुकतं, रातराणी समजून त्याने भरपूर ऊन द्यायला सांगितलं आणि मी येडी कुंडी दिवसभर उन्हात ठेवून बसले, पानांच्या कडा करपल्या. हिला सकाळचं कोवळं ऊन आणि दुपारी सावली लागते.

मग एकदाची फुलं आली आणि कोडं सुटलं. पहिल्या दिवशी गडद जांभळं, मग फिकट, तिसऱ्या दिवसापर्यंत पार पांढरं, आणि एकाच फांदीवर तिन्ही रंग! हा फोटो टाकला तर क्षणात ब्रुनफेल्सिया, म्हणजे आपलं येस्टरडे-टुडे-टुमारो, मूळची ब्राझीलकडची. इथे मानलं बुवा. पण मुद्दाम एकच पांढरं फूल जवळून दाखवलं तर गाडी घसरली चित्रकावर. चित्रकाच्या फुलाखालच्या हिरव्या भागाला चिकट केस असतात, बोट लावलं की कळतं, हिला तसलं काही नाही. म्हणून फोटो काढताना तिन्ही रंग आणि पानांची मांडणी एकत्र दिसेल असा काढा.

गंमत म्हणजे ब्रुनफेल्सिया हे नाव ज्याच्यावरून पडलं त्या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ ओटो ब्रुनफेल्सच्या 1530 च्या पुस्तकात झाडं समोर ठेवून चित्रं काढलेली होती, सुकलेल्या पानांसकट. अ‍ॅपला मात्र करपलेलं पान चालत नाही, फोटो परत काढा म्हणतं.

ब्रुनफेल्सियातली नेमकी जात अ‍ॅपने पॉसिफ्लोरा सांगितली, त्यावर माझा विश्वास नाही. त्या जातीला वास फारसा नसतो म्हणतात आणि माझ्या फुलांना संध्याकाळी चांगला घमघमाट असतो. आता वास फोटोत कसा येणार, त्यामुळे इथे अ‍ॅपला दोष नाही देत.

रोग ओळखायचं फीचर पैसे भरून घेतलं, ते वाया गेले. नवी पानं पिवळी पण शिरा हिरव्या, असा फोटो टाकला तर उत्तर काय, पाणी जास्त झालं. हे लोहाच्या कमतरतेचं लक्षण आहे, जुन्या पानांतलं लोह नव्या पानांकडे जात नाही म्हणून नवीच आधी पिवळी पडतात. हिला माती जरा आम्लधर्मी लागते, पीएच 5.5 ते 6.5 च्या आसपास, आणि आमचं पाणी क्षाराचं, त्यामुळे मातीत लोह असूनही तिला मिळेना. चिलेटेड आयर्न, म्हणजे मुळांना सहज घेता येईल असं लोह दिलं, वर पालापाचोळ्याचं खत घातलं, त्यानंतरची पालवी हिरवीगार आली. छाटणी कधी करायची हेही अ‍ॅपमध्ये धड नाही, फुलांचा बहर ओसरला की लगेच करा, उशीर केलात तर पुढच्या कळ्याच कापल्या जातील.

सगळ्यात राग कशाचा आला सांगू? हे झाड विषारी आहे, फळं-बिया तर कुत्र्यांना फारच, झटके येतात, आणि ही सूचना अ‍ॅपमधल्या माहितीच्या अगदी तळाशी, जाहिरातीच्या खाली. आमच्याकडे कुत्रा आहे. कुंडी आता उंच स्टँडवर आहे आणि फळ धरलेलं दिसलं की मी लगेच तोडून टाकते.