खोल ट्रोलिंगसाठी आवरण चढवलेला शिशाचा गोळा: दोन हंगामांच्या वापरानंतर

ट्रोलिंगसाठी, म्हणजे चालत्या बोटीमागून आमिष ओढत मासे पकडण्यासाठी, डाऊनरिगरच्या तारेला अडकवायचे, प्रत्येकी साडेचार किलो वजनाचे दोन शिशाचे गोळे मी दोन हंगाम सलग वापरले. दोन्हींवर मऊ पीव्हीसीचे आवरण आहे; एक काळा, मागे छोटा पर असलेला आणि दुसरा पोपटी, चपटा, साधारण माशाच्या आकाराचा. विक्रेत्याच्या वर्णनात आवरणामुळे मासे जास्त लागतात, गोळा पाण्यात सरळ राहतो आणि शिसे हाताला लागत नाही, असे तीन दावे केलेले होते. यांपैकी तिसरा पूर्ण खरा निघाला, दुसऱ्याचा आवरणाशी फारसा संबंध नाही आणि पहिल्याचा मला तरी प्रत्यय आला नाही.

ज्यांनी हे उपकरण हाताळलेले नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगायचे, तर डाऊनरिगर म्हणजे बोटीच्या काठावर बसवलेला रहाट. त्याच्या पोलादी तारेच्या टोकाला जड गोळा असतो, गोळ्याजवळच्या चिमट्यात गळाची दोरी धरलेली असते आणि मासा ओढला की दोरी चिमट्यातून सुटून थेट काठीवर येते. उन्हाळ्यात वरचे पाणी तापल्यावर सामन आणि लेक ट्राउट थंड थरात खाली उतरतात. हलके आमिष त्या थरात नेमक्या खोलीवर, बोट चालू असताना टिकवून धरणे हे या गोळ्याचे एकमेव काम. त्यामुळे त्याची पारख करताना तो किती खोल राहतो आणि बोटीवर किती त्रास देतो, हे दोनच प्रश्न खरे महत्त्वाचे ठरतात.

खोलीचा प्रश्न आधी घेतो, कारण या बाबतीत दुकानात सर्वाधिक गैरसमज ऐकायला मिळतात. साडेचार किलो शिशाचा गोल गोळा सुमारे 9.1 सेंटिमीटर व्यासाचा भरतो. माझ्या गोळ्यावरचे आवरण एका जागी कापले गेले तेव्हा मोजले, ते 2 मिलिमीटर निघाले. म्हणजे एकूण व्यास 9.5 सेंटिमीटर होतो आणि पाण्याला सामोरे जाणारे क्षेत्र जवळजवळ 9 टक्क्यांनी वाढते. ऐकायला हे बरेच वाटते. प्रत्यक्षात गोळ्याचे हे क्षेत्र 65-70 चौरस सेंटिमीटर असते, तर 0.8 मिलिमीटर जाडीची तार 30 मीटर सोडली की एकट्या तारेचेच क्षेत्र 240 चौरस सेंटिमीटर होते, शिवाय गुळगुळीत गोळ्यापेक्षा तार पाण्याला जास्त विरोध करते. गोळा मागे फेकला जातो तो प्रामुख्याने तारेमुळे. आवरणाने वाढलेला विरोध त्यापुढे नगण्य आहे, आणि म्हणूनच आवरणामुळे गोळा ‘सरळ राहतो’ या दाव्यालाही अर्थ उरत नाही. सरळ राहतो तो पराच्या किंवा चपट्या आकाराच्या जोरावर, आणि खोल राहतो तो वजनाच्या जोरावर.

वेगाचा परिणाम मात्र आवर्जून लक्षात ठेवावा, कारण पाण्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो: 2 नॉटवरून 3 नॉटवर (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल) गेलात की तो सव्वादोन पट होतो. तार उभ्या रेषेपासून 30 अंश मागे झुकली आणि ती सरळ धरली, तर 30 मीटर तार सोडूनही गोळा 26 मीटरवरच असतो. तार खाली जाताना किंचित उभी होत जाते म्हणून प्रत्यक्ष खोली थोडी जास्त भरते, पण सोडलेली तार मोजणाऱ्या यंत्रावरच्या आकड्यावर विसंबणे चूकच. माझे दोन्ही गोळे सोनारच्या (ध्वनिलहरींनी पाण्याखालचे दाखवणाऱ्या यंत्राच्या) पडद्यावर बारीक रेघेसारखे दिसत राहतात आणि मी खोली त्या रेघेवरूनच ठरवतो. साधारण 30 मीटरपर्यंत आणि अडीच नॉटच्या आत हे वजन पुरते. त्यापलीकडे नियमित जाणाऱ्याने साडेपाच किलोचा किंवा त्याहून जड गोळा घ्यावा आणि रहाटाची व त्याच्या दांड्याची क्षमता आधी तपासावी.

आता बोटीवरच्या वागणुकीकडे वळतो, कारण आवरणाचे पैसे वसूल होतात ते इथे. उघड्या शिशाचा गोळा हाताळला की तळहातावर काळपट राखाडी थर बसतो. त्याच हाताने आपण दोरी बांधतो, डोळे पुसतो, डबा उघडतो. शिशाच्या संपर्काची कोणतीही सुरक्षित पातळी ज्ञात नाही, असे जागतिक आरोग्य संघटना स्पष्टपणे सांगते, आणि बोटीवर मुले असतील तर हा मुद्दा मला इतर सगळ्यांपेक्षा मोठा वाटतो. दोन हंगामांत आवरण शाबूत असलेल्या भागाला हात लागून एकदाही डाग पडला नाही. ओल्या हातातही मऊ पृष्ठभागामुळे पकड चांगली बसते, आणि साडेचार किलो वजन हलत्या बोटीवर पायावर पडणे म्हणजे काय हे ज्याने अनुभवले आहे, त्याला या पकडीचे मोल वेगळे सांगायला नको.

दुसरा फायदा धक्क्यांचा. एका सकाळी लाटा आडव्या येत असताना गोळा वर घेत होतो. तो पाण्याबाहेर आला आणि लंबकासारखा झोका घेऊन फायबरच्या अंगावर दोनदा आदळला. उघडा गोळा असता तर वरचा रंगाचा थर टवका होऊन निघाला असता. येथे बद्द असा आवाज झाला आणि पुसल्यावर निघून जाणारी पोपटी रेघ तेवढी उरली.

दोष आहे, आणि तो नेमक्या एकाच जागी आहे. गोळ्यातून वर येणाऱ्या कडीच्या बुडाशी आवरण पातळ असते, आणि अडकवणीचा धातू तिथेच सतत घासतो. पहिल्याच हंगामाच्या अखेरीस काळ्या गोळ्याच्या कडीभोवती नखाएवढी फट पडली. खारे पाणी आत शिरले, आणि हिवाळ्यात गोळा काढून पाहिला तर आवरण फुग्यासारखे उचलले गेलेले, खाली पांढरट भुकटी धरलेली. शिसे, पोलादी कडी आणि खारे पाणी एकत्र आल्यावर गंज सुरू होणे अपेक्षितच आहे. उघड्या गोळ्यावर तो डोळ्यांना दिसतो, आवरणाखाली मात्र झाकला जातो. उत्पादकाला छायाचित्रे पाठवली, तेव्हा ही ‘सामान्य झीज’ असल्याचे एका ओळीचे उत्तर आले. पोपटी गोळ्यावर मी सुरुवातीलाच कडीच्या बुडाशी उष्णतेने आवळणारी नळी चढवली होती, आणि तो अजून ठणठणीत आहे. जे काम मला घरी पाच मिनिटांत जमले, ते कारखान्यात का होऊ नये, याचे उत्तर त्या एका ओळीत नव्हते.

फाटलेले आवरण जाळून काढण्याचा मोह कोणी करू नये. शिसे 327 अंश सेल्सिअसला वितळते, परंतु पीव्हीसी त्याच्या कितीतरी आधी विघटित होऊन हायड्रोक्लोरिक आम्लाचा धूर सोडू लागते. हातमोजे घालून, धारदार चाकूने सैल भाग कापावा, पृष्ठभाग ओल्या फडक्याने पुसावा आणि अवजारांच्या मुठींवर लावतात ते द्रव पीव्हीसी दोन थरांत लावावे. फडके आणि कापलेले तुकडे वेगळे बांधून धोकादायक कचऱ्यात द्यावेत. ठेवणीबाबतही एक गोष्ट उशिरा समजली: मऊ पीव्हीसीतील प्लॅस्टिसायझर, म्हणजे त्याला मऊपणा देणारा पदार्थ, शेजारच्या प्लॅस्टिकमध्ये उतरतो. उन्हात ठेवलेल्या माझ्या पेटीचा तळ गोळ्याखाली चिकट होऊन खचला. आता गोळे कापडी पिशवीत असतात.

रंगावर फार विचार करण्याचे कारण नाही. पाण्यात लाल रंग पहिल्या काही मीटरांतच विझतो, म्हणून खोल जाणाऱ्यासाठी लाल गोळा आणि काळा गोळा यांत दिसण्यापुरता फरक उरत नाही. पोपटी जरा अधिक टिकतो, तरी दोन्ही गोळे शेजारी सोडून मला मासे लागण्यात फरक जाणवला नाही. खाऱ्या पाण्यात तारेभोवती निर्माण होणाऱ्या सूक्ष्म विद्युतदाबाने मासे आकर्षित होतात, यावर अनेक अनुभवी मंडळींचा विश्वास आहे, आणि आवरण शिशाला तारेपासून अलग ठेवते म्हणून तो दाब बिघडत नाही, असे ते म्हणतात. माझ्या गोळ्यात कडी थेट शिशात ओतलेली असल्याने हे अलगपण मुळातच अर्धवट आहे.

शिसे मुळातच नको असेल, तर आवरण असलेला बिडाचा गोळा हा पर्याय मी पूर्वी हसण्यावारी नेत असे. आकडेमोड केल्यावर मत बदलले. तेवढ्याच वजनाचा बिडाचा गोळा सुमारे 10.6 सेंटिमीटर व्यासाचा होतो आणि समुद्राच्या पाण्यात त्याचे वजन शिशाच्या गोळ्यापेक्षा पाव किलोच्या आसपास कमी भरते. अर्धा किलो जड गोळा घेतला की ही कसर भरून निघते. ब्रिटनमध्ये 1987 पासून लहान शिशाच्या वजनांवर बंदी आली ती हंस ती गिळून मरत होते म्हणून. साडेचार किलोचा गोळा कोणी पक्षी गिळणार नाही हे खरे, पण तळाशी तुटून राहिलेल्या गोळ्याचे आवरण आज ना उद्या फाटते आणि शिसे तिथेच राहते. खडकाळ तळावर गोळे वरचेवर गमावणाऱ्यांनी म्हणूनच आवरण चढवलेला शिशाचा गोळा घेऊच नये. तिथे आवरणही पहिल्या दोन फेऱ्यांत सोलवटून जाते.

काळ्या गोळ्याच्या जागी मी पुन्हा आवरण असलेलाच, पण चपटा गोळा मागवला आहे. हातात आल्यावर आधी कडीच्या बुडाशी अंगठ्याचे नख फिरवून पाहीन. नख आत शिरले तर गोळा त्याच खोक्यातून परत जाईल.