ऑफेलिया, एमिलिया की इस्मिनी?

जुनी शोकांतिका कडेच्या एखाद्या स्त्रीच्या नजरेतून पुन्हा लिहायची म्हटलं की बहुतेकांना आधी ऑफेलिया आठवते. साहजिक आहे. शेक्सपिअरच्या 'हॅम्लेट'मध्ये ती जेमतेम पाच प्रवेशांत दिसते, तिचं बुडणंही राणी गर्ट्रूडच्या तोंडून कळतं. मोकळ्या जागा भरपूर. पण बाप, भाऊ आणि प्रियकर हॅम्लेट सांगतील ते ती झेलत राहते. तिचा स्वतःचा निर्णय संहितेत शोधावा लागतो. तो तुम्ही रचायला गेलात, की ती आजच्या काळातली मुलगी होऊन बसते.

'ऑथेल्लो'तल्या एमिलियाचं तसं नाही. ती ऑथेल्लोच्या बायकोची, डेस्डेमोनाची, दासी. ऑथेल्लोनं बायकोला दिलेला रुमाल तिलाच सापडतो आणि तीच तो नवऱ्याच्या, इयागोच्या, हवाली करते. 'रुमाल कुठं हरवला असेल?' असं डेस्डेमोना विचारते, तेव्हा ती 'मला ठाऊक नाही' म्हणते. इयागो तोच रुमाल वापरून डेस्डेमोना बेइमान असल्याचं ऑथेल्लोला पटवतो. पुढं ऑथेल्लो त्याच रुमालावरून बायकोवर खेकसतो, तेव्हा एमिलिया तिथंच उभी असते. तरीही गप्प! का? नवऱ्याचा धाक, की एवढ्याशा कापडानं काय बिघडणार असं वाटणं? माझ्या मते अख्खी कादंबरी या गप्प बसण्यात आहे. ऑथेल्लो डेस्डेमोनाला मारून टाकतो, तेव्हा हीच बाई शेवटी रुमालाचं सगळं सांगून टाकते, इयागोच्या हातून मरते आणि मरताना 'मला मालकिणीशेजारी ठेवा' म्हणते. अपराध, उशीर, धैर्य, सगळं संहितेतच आहे. पहिल्यांदा लिहीत असाल तर हिलाच घ्या.

सोफोक्लीजच्या 'अँटिगनी'तली इस्मिनी मात्र मला झोपू देत नाही. राजा क्रेऑननं त्यांच्या मेलेल्या भावाला पुरायला बंदी केलेली असते आणि बहीण अँटिगनी ती मोडायला निघते. आधी इस्मिनी साथ द्यायला नकार देते, मग बहिणीचा अपराध वाटून घ्यायला येते, आणि अँटिगनी तिला झिडकारते. क्रेऑन तिला सोडून देतो. त्यानंतर नाटकात ती नाहीच. मरणाकडे जाताना अँटिगनी स्वतःला राजघराण्यातली शेवटची उरलेली म्हणते. सख्खी बहीण जिवंत असताना! एकाच नटीचा प्रयोग करायचा असेल, तर इस्मिनीसारखी दुसरी नाही. कादंबरीला मात्र ती अवघड, कारण नाटक संपल्यावरचं तिचं सगळं आयुष्य तुम्हालाच उभं करावं लागेल.

आणि ऑफेलियाच हवी असेल, तर वेडाच्या प्रवेशापासून सुरुवात करा. तिथं फुलं-पानं वाटताना कुणाला काय द्यायचं हे तीच ठरवते, आणि थोडा सताप, म्हणजे पश्चात्तापाची खूण मानली जाणारी वनस्पती, स्वतःसाठी राखते.