स्विंडनमधलं पहिलं खातं: शाखेची बँक की मोबाइलवरची?
डिचोलीहून इंग्लंडमधल्या स्विंडनला निघालेला भाचा विचारतो, "मामा, पगाराचं खातं खंय उघडूं?"

शाखेची जुनी बँक सहसा पत्त्याचा पुरावा मागते. चौघांत खोली घेऊन राहणाऱ्याच्या नावावर विजेचं बिल कुठून येणार? शिवाय अपॉइंटमेंट, कार्डाची वाट.

मोन्झोसारखी, शाखा नसलेली मोबाइलवरची बँक पासपोर्टचा फोटो आणि छोट्या व्हिडिओवर भागवते. पगारासाठी लागणारा सॉर्ट कोड (बँक ओळखायचा क्रमांक), खाते क्रमांक तिथंही मिळतो. रोख भरायला मात्र दुकान गाठावं लागतं, वर शुल्क. (आपल्याला पतसंस्थेच्या काउंटरवर गप्पा मारायची सवय, ती विसरायची.)

ठेवीला संरक्षण दोन्हीकडे सारखंच, १,२०,००० पौंडांपर्यंत. म्हणून मी म्हटलं, आधी मोबाइलवरचं उघड; शाखेत नावावर बिल आल्यावर जा.