अंगणातल्या बाकासाठी जुने सागवान: बेळगावच्या एका वखारीतील खरेदी

टिळकवाडीतील आमच्या घराच्या अंगणात वडिलांनी करवून घेतलेला पाच फुटी बाक गेल्या पावसाळ्यानंतर बसण्याच्या लायकीचा उरला नव्हता. पाठ आणि हात शाबूत होते, परंतु बैठकीच्या सातही पट्ट्या कुजल्या होत्या आणि पुढच्या पायांची टोके बोटाने दाबली तरी भुसा सुटत होता. दुरुस्तीसाठी खानापूरच्या वाटेवरील एका वखारीतून, म्हणजे पाडलेल्या घरांचे लाकूड विकणाऱ्या ठिकाणाहून, मी सागवान घेतले. माल चांगला निघाला. दोन तक्रारी मात्र आहेत, म्हणून वखारीचे नाव देत नाही.

तिथे जुन्या तुळया आणि चौकटींच्या शेजारीच नवे सागवानही रचून ठेवलेले होते. विक्रेत्याने आधी नवेच दाखवले, कारण ते स्वस्त पडत होते. पण प्रत्येक फळीच्या एका कडेला दोन बोटे रुंदीचा फिकट पट्टा होता. "तेवढं पांढरं पॉलिशखाली झाकून जातंय की," असे तो म्हणाला. दिवाणखान्यातील कपाटासाठी त्याचे म्हणणे चालले असते. अंगणात मात्र सागवानाचा टिकाऊपणा त्याच्या गाभ्यात असतो; बाहेरचा पांढरा भाग साध्या लाकडासारखाच कुजतो आणि वाळवीही आधी तिथेच लागते. जुन्या तुळईत तो भाग जवळजवळ नव्हता, शिवाय वर्षानुवर्षे छपराखाली वाळलेले लाकूड कापल्यावर फारसे वाकत नाही.

पहिली तक्रार मापाची. दर घनफुटावर होता आणि बिल सव्वा इंच जाडीच्या कापलेल्या पट्ट्यांचे झाले, तर रंधा मारल्यावर हाती आली एक इंच जाडी. पाच फूट लांब, तीन इंच रुंद अशा सात पट्ट्यांचे बिल सुमारे ०.९१ घनफुटांचे, आणि बाकात बसले ०.७३. वखारीची रीत तशीच असते हे मान्य, परंतु ग्राहकाला ते आधी सांगायला हवे होते. दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे: "खिळे काढलेले आहेत" या भरवशावर नेलेल्या लाकडात मोडलेला खिळा निघाला आणि मेस्त्रींच्या रंधा यंत्राचे पाते खराब झाले. त्याचे पैसे मलाच भरावे लागले.

लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक यांपासून केलेल्या फळ्याही तिथे होत्या. त्या कुजत नाहीत हे खरे, पण चैत्रातल्या उन्हात चांगल्याच तापतात आणि जवळजवळ आधार दिले नाहीत तर वजनाने खाली झुकतात. जुन्या सांगाड्यावर त्या बसवण्यात मला अर्थ वाटला नाही.

स्क्रूच्या बाबतीत मात्र काटकसर करू नये. साधा लोखंडी स्क्रू ओल्या सागवानात गंजतो आणि भोवती काळा डाग पसरतो. ३०४ प्रतीचे स्टेनलेस स्क्रू आपल्याकडे पुरेसे आहेत. ३१६ प्रतीचा खर्च समुद्राकाठच्या मंडळींनी करावा. पायांना जोड देताना, सागवान तेलकट असल्यामुळे, मेस्त्रींनी सांध्याच्या जागा थिनरने पुसून मगच पाण्यात टिकणारा गोंद लावला. पट्ट्यांमध्ये पाणी निथळावे म्हणून पाव इंचाची फट ठेवली. चकचकीत पॉलिश मी नाकारले, कारण उन्हापावसात त्याचे पापुद्रे सुटतात आणि पुन्हा सगळे खरवडावे लागते. नुसते तेल दर वर्षी फडक्याने लावता येते.

आता बाकाचे पाय शहाबादी फरशीच्या तुकड्यांवर टेकले आहेत, ओल्या मातीवर नाहीत. पुढच्या उन्हाळ्यात झोपाळ्याच्या फळीसाठी त्याच वखारीत जाईन. फक्त खिशात लोहचुंबक असेल आणि माप रंध्यानंतरचे धरणार की आधीचे, हे दर ठरवण्यापूर्वी विचारीन.