एका युजरला एकच फाइल वाचू द्यायची असेल तर सेटएफएसीएल

लॉगची फाइल ६४० वर आहे (मालकाला वाचणं-लिहिणं, ग्रुपला फक्त वाचणं, बाकीच्यांना काहीच नाही) आणि ती वाचायची आहे फक्त 'मीरा' या युजरला. घाईत ६४४ केलं की ती मशीनवरच्या सगळ्यांना उघडी होते. मीराला एडीएम ग्रुपमध्ये (सिस्टिमचे लॉग वाचू शकणारा ग्रुप) टाकलं तर एका फाइलपायी बाकीचे लॉगही तिच्या हाती पडतात. सुडोमधून, म्हणजे रूटच्या (सर्वाधिकारी युजरच्या) अधिकाराने, लेस हा फाइल वाचायचा प्रोग्रॅम देणं तर फारच धोक्याचं, कारण लेसमध्ये उद्गारचिन्ह देऊन सरळ रूटचा शेल उघडता येतो.

लिनक्सच्या एसीएल (एकेका युजरला वेगळी परवानगी देणारी यादी) पॅकेजमधलं सेटएफएसीएल नेमकं याच कामाचं आहे. रूटने एवढंच द्यायचं:

सेटएफएसीएल -एम यू:मीरा:आर /व्हार/लॉग/ऑथ.लॉग

परवानगी लगेच लागू होते, पुन्हा लॉगिन करावं लागत नाही. एलएस -एल मध्ये परवानग्यांच्या शेवटी + दिसतो, बाकी तपशील गेटएफएसीएल दाखवतं. काढून घ्यायला -एक्स यू:मीरा. पण मीराने आधीच टेल -एफ (लॉगमधल्या नव्या ओळी सतत दाखवणारी कमांड) लावून ठेवलं असेल तर ते चालूच राहतं, कारण परवानगी फाइल उघडतानाच तपासली जाते. ती प्रोसेसही बंद करा. आणि वाटेतल्या एखाद्या डिरेक्टरीवर तिला एक्स (आत शिरायची परवानगी) नसेल, तर फाइलवर आर देऊनही 'परमिशन डिनाइड'च येणार.

खरी गफलत मास्कमुळे होते, म्हणजे ग्रुप आणि नावाने दिलेल्या परवानग्यांवरच्या कमाल मर्यादेमुळे. एसीएल लागली की ग्रुपच्या जागी दिसणारी अक्षरं ग्रुपची नसतात, मास्कची असतात. नंतर कुणी सहज सीएचमॉड ६०० केलं की मास्क रिकामा होतो. मीराची नोंद तशीच दिसते, पण गेटएफएसीएल तिच्यापुढे 'इफेक्टिव्ह:---' लिहितं, आणि वाचणं बंद. याच कारणाने एसएसएचच्या (दुरून लॉगिन करायच्या सेवेच्या) खाजगी होस्ट की वर हा उपाय अजिबात करू नका. ६०० ची फाइल ६४० दिसू लागते आणि एसएसएचडी (एसएसएचचा सर्व्हर) ती की घ्यायला नकार देतो.

लॉगच्या बाबतीत दुसरा घोळ रोटेशनचा, म्हणजे जुना लॉग बाजूला ठेवून नवा सुरू करण्याचा. एसीएल फाइलच्या नावाला नव्हे, आयनोडला (डिस्कवरच्या त्या फाइलच्या मूळ नोंदीला) चिकटलेली असते. रात्री लॉगरोटेटने (हे काम करणाऱ्या प्रोग्रॅमने) नवी फाइल तयार केली की सकाळी मीराची परवानगी गायब झालेली असू शकते. लॉगरोटेटच्या पोस्टरोटेट भागात (रोटेशननंतर चालणाऱ्या कमांड्समध्ये) वरचीच ओळ टाकणं हा माझ्या मते सगळ्यात खात्रीचा उपाय. डिरेक्टरीवर -डी वापरून डिफॉल्ट एसीएलही लावता येते, पण मग तिथे तयार होणाऱ्या प्रत्येक नव्या फाइलला ती लागते, आणि नवी फाइल ६०० ने तयार होत असेल तर मास्क पुन्हा आडवा येतो.

ईएक्सटी४ आणि एक्सएफएस या फाइलसिस्टिमवर हे सगळं बिनबोभाट चालतं. फॅटच्या पेनड्राइव्हवर 'ऑपरेशन नॉट सपोर्टेड' येतं. बॅकअप घेताना टार आणि आरसिंक या कमांड्सना अनुक्रमे --एसीएल्स आणि कॅपिटल -ए द्यायला विसरू नका, नाहीतर रिस्टोअर केलेल्या फाइलवर मीराची नोंद नसेल.