फोटोतला डोंगर कोर्लईचा नव्हता

२०२६च्या ३ जानेवारीला, पौष पौर्णिमेच्या शनिवारी, आम्ही आणि ताईकडचे असे सगळे पुण्याहून रेवदंड्याला निघालो. चार मोठी माणसं, तीन मुलं. पुण्यात हुडहुडी भरत होती, म्हणून किनाऱ्यावरच्या उबेत, तंबूत एक रात्र काढायची असा बेत होता. बुकिंग मी केलं होतं, पैसेही मीच भरले होते. तिथे पोचल्यावर कळलं की असा कॅम्पच नाही. जे झालं ते सविस्तर लिहिते, कारण आमच्याआधी फसलेल्या कुणी लिहून ठेवलं असतं तर आम्ही वाचलो असतो.

सोशल मीडियावर मला एक पेज दिसलं होतं. फोटो सुंदर: पाण्याच्या अगदी कडेला तंबूंची रांग, दिव्यांच्या माळा, मागे एक डोंगर. रेवदंड्याला खाडीपलीकडे कोर्लईचा किल्ला दिसतो हे ऐकून माहीत होतं, त्यामुळे तो डोंगर कोर्लईचाच असं मी मनाशी धरून टाकलं. फोनवरचा मुलगा अतिशय नम्र. मोठ्यांचे १,४०० रुपये, मुलांचे ७००, त्यात बार्बेक्यू, जेवण, सकाळचे पोहे. "मॅडम, पौर्णिमा आहे, गर्दी होणार. आत्ता पूर्ण पेमेंट केलंत तर दहा टक्के सूट देतो, तंबूही अगदी पाण्याला लागून देतो." ७,७००चे ६,९३० झाले. यूपीआयवर नाव भलतंच आलं. विचारलं तर म्हणाला, "ते आमच्या अकाउंटंटचं खातं." मी मानलं. आदल्या दिवशी दोन तंबूंचं डिपॉझिट म्हणून ४,००० मागितले, परतीचे. तेही दिले.

शनिवारी संध्याकाळी साडेपाचला त्याने पाठवलेल्या लोकेशनवर पोचलो. तिथे वाळू, सुरूची वाळलेली पानं आणि एक मोडकी होडी. फोन लागेना. मुलं भुकेली, सूर्य बुडायला आलेला. अर्धा तास या टोकापासून त्या टोकापर्यंत विचारत फिरलो. शेवटी वाडीत स्वतःचा छोटा कॅम्प चालवणाऱ्या एका काकांनी माझ्या हातातला मोबाइल घेतला आणि फोटो मोठा करून पाहिला.

"ताई, पाण्याच्या कडेला एवढी हिरवळ आमच्याकडे कुठे असते? आणि आज पुनव. पाण्याला लागून तंबू लावला तर मध्यरात्री पोरांसकट वाहून जाल."

मग त्यांनी बोटांवर हिशोब केला. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा त्यांच्याकडचा जुना आडाखा. पौर्णिमा पंधरावी, तिची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे दुपारी आणि रात्री सव्वाअकरा-बाराच्या सुमाराला पूर्ण भरती, आणि पौर्णिमा-अमावास्येला पाणी नेहमीपेक्षा जास्त वर चढतं. इथल्या माणसाला हे पाठ असतं. फोनवरच्या त्या मुलाने पौर्णिमेच्याच रात्री पाण्याला लागून तंबू देऊ केला होता, आणि मला त्यात काही खटकलं नव्हतं.

फोटो ताईच्या मुलाने ओळखला. तो अकरावीत आहे, ट्रेकला जातो. "मावशी, हा तुंग आहे. हे पवना धरण आहे." लोणावळ्याजवळचा तो सुळका मी स्वतः चढले आहे.

खरं मोठं नुकसान यानंतर झालं. सातच्या सुमाराला त्या मुलाचा फोन आला. माफी मागत होता, म्हणे पोलिसांनी कॅम्प हलवायला लावला, सगळे पैसे लगेच परत करतो. माझ्या व्हॉट्सअॅपवर क्यूआर कोड आला. "साहेबांच्या फोनवरून स्कॅन करा, रक्कम टाका, पिन टाका, जमा होतील." नवऱ्याने दिवसभर गाडी चालवली होती, मुलं रडत होती, त्याने केलं. १०,९३० जमा व्हायच्या ऐवजी तेवढेच आणखी गेले. पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही. हे वाक्य घरातल्या प्रत्येकाकडून पाठ करून घ्या, शिकलेल्यांकडूनही. माझा नवरा इंजिनिअर आहे.

काकांनीच १९३० हा सायबर फसवणुकीचा नंबर लावायला सांगितला. वीस मिनिटांत फोन लागला. यूटीआर नंबर म्हणजे व्यवहाराचा क्रमांक, वेळ, बँक एवढं विचारलं. त्यामुळे शेवटचे १०,९३० पुढच्या खात्यात अडवले गेले. ते अजून हातात आलेले नाहीत, पण गोठलेले आहेत. आधी भरलेले पैसे मात्र तोवर कुठल्या कुठे फिरवले गेले होते. म्हणून असं काही झालं तर आधी नातेवाइकांना फोन करत बसू नका, आधी १९३०, मग सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार.

काकांचा कॅम्प भरलेला होता. त्यांनी सुपारीच्या झाडांखाली दोन जुने तंबू लावून दिले, काकूंनी तांदळाच्या भाकऱ्या आणि कोलंबीचं कालवण वाढलं. पैसे सकाळी घेतले, नेहमीच्याच दराने. आगाऊ किती घेता असं विचारलं तर म्हणाले, "हजार-पाचशे. बाकी माणूस आल्यावर." बुकिंग करायच्या आधी व्हिडिओ कॉल लावून आत्ताचा समुद्र दाखवायला सांगा, असं ते म्हणाले. मी आता आणखी एक गोष्ट विचारते: त्या दिवशी भरती किती वाजता?

रात्री बाराला मी आणि ताई पुन्हा त्या लोकेशनवर गेलो. टिपूर चांदणं होतं. संध्याकाळी मुलं जिथे सॅका टाकून बसली होती तिथे घोटाभर पाणी होतं आणि प्रत्येक लाटेबरोबर सुरूच्या मुळांमधली वाळू निघून चालली होती. तंबूची झिप आतून लावून मुलं झोपलेली असती. ताईने माझा हात घट्ट धरला. दोघींनाही बोलवेना.

ते पेज आम्ही सगळ्यांनी मिळून रिपोर्ट केलं, बंद झालं. परवा तोच तुंगचा फोटो दुसऱ्या नावाच्या पेजवर पाहिला. खाली आता काशीद लिहिलं आहे, आणि कमेंट बंद आहेत.